सहा डोक्यांची बाई

अकरा वर्षं मी डाव्या बाह्या शिवते.
फक्त डाव्या.
उजव्या बाह्यांचं टेबल हॉलच्या त्या टोकाला,
मधे इस्त्रीची वाफ.
कुतैसीत थंडी उतरली की ती वाफ
खिडक्यांवर थिजून बसते
आणि रिओनी नदी दिसेनाशी होते.
ऐकू तर ती कधीच येत नाही,
चाळीस मशिनी चालू असताना काय ऐकू येणार.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत
खाकी कागदाच्या पाठीवर
आखणीच्या खडूनं मी एक कोट काढला.
कुणी सांगितलेला नाही.
मला हवा तसा.

कोट काढायचा तर आत बाई हवी.
माझी लेक तेकले मोबाइलमध्ये बघून म्हणाली,
"आई, चित्रातली बाई नऊ डोक्यांइतकी उंच असते."
माझी सहात संपली.
मग मी दाराला पाठ लावून स्वतःला मोजलं:
सात. तेही अंबाडा धरून.
उरलेल्या दोन डोक्यांचं
त्या उंच बाया काय करतात, देव जाणे.

हातांना कापड कळतं.
अंधारात चिमटीत धरून सांगेन
लोकर किती, भेसळ किती,
पहिल्या धुण्यात किती आटेल.
पण हात हे पेन्सिलीला सांगत नाहीत.
लोकर काढली की मेंढी होते,
रेशीम काढलं की पत्रा.
जिथे झोळ पडायला हवा तिथे
कोट ताठ उभा राहतो,
शाळेच्या फोटोला उभं केलेल्या पोरासारखा.

आणि बोटं!
पाच काढली की गाजरांची जुडी.
म्हणून मी हात खिशात घातले.
मनगटं पण बिघडली, तीही घातली.
खिसे खोल होत होत कोपरापर्यंत आले
तेव्हा लक्षात आलं,
असेच तर हवे होते मला
पहाटे साडेसहाला बसची वाट बघताना:
किल्ल्या, अर्धा पाव,
आणि वर दोन्ही मुठी मावतील असे.

कॉलर खोडून खोडून कागदाला भोक पडलं.
भोकाभोवती मी बारीक टाके काढले.
आता ते काज आहे.

बेतलेलं कापड रोज माझ्यापुढे येतं,
गठ्ठ्यागठ्ठ्यानं,
कधी न भेटणाऱ्या खांद्यांच्या मापाचं.
बेत मात्र मी
पहिल्यांदा केला.

गुरुवारी कागद हरवला.
डब्याखाली नाही, ॲप्रनमध्ये नाही.
मग आठवलं, सकाळी चाळीस बाह्यांचा गठ्ठा बांधला होता,
तो त्यातच गेला असणार, जोडणीला,
आणि तिथे सगळ्यांनी बघितलं असणार
कोपरापर्यंत खिशात हात घातलेली
ती बुटकी, ताठ बाई.
दिवसभर मान वर केली नाही.
दोन बाह्या उसवाव्या लागल्या.

शुक्रवारी चहाच्या वेळी
वाफेतून एक बाई आली.
एतेरी. उजव्या बाह्यांची.
अकरा वर्षांत आमचं बोलणं एवढंच,
"सरका जरा" आणि "बर्फ पडणार म्हणे".
तिनं कागद माझ्यापुढे ठेवला,
चार घड्या घातलेला, तेलाचा एक डाग पडलेला.
"पावलं नव्हती हिला," ती म्हणाली,
"म्हणून मी काढली. रागावू नका."

बघितलं.
कोटाखाली निळ्या बॉलपेननं
जाड तळव्याचे, नाडी बांधलेले बूट.
नाडीच्या गाठीसुद्धा नीट.
दोन्ही बूट उजव्या पायाचे.

मी हसले नाही. म्हणजे, दाबलं.
ती वाकून खिशांकडे बघत होती,
"अस्तर कसलं लावणार?" असं तिनं विचारलं
आणि मला उत्तर माहीत नव्हतं,
अस्तरापर्यंत मी पोचलेच नव्हते.
"फ्लॅनेल," ती म्हणाली, "जुन्या शर्टांचं. माझ्याकडे आहे."

घंटा झाली. चहा निवला.
बाईला अजून तोंड काढायचं आहे.